जकात देशरक्षणाची, मार मात्र कास्तकाराच्या पाठीवर

सन 2025 च्या पोळ्याच्या तोंडावर, 19 ऑगस्ट रोजीं, मध्यवर्ती सरकारनें परदेशी कापसावरील शेंकडा 11 ची आयात जकात उठविली. आरंभीं ही सूट 30 सप्टेंबरपर्यंतच आहे असें जाहीर झालें होतें. परंतु गणपति बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, 28 ऑगस्टला, तिची मुदत 31 डिसेंबरपर्यंत लांबविण्यांत आली. ज्या दिवसांत आमचा कास्तकार बैलांच्या शिंगांना रंग देत होता आणि पऱ्हाटीवर पात्या-फुलें धरत होतीं, त्याच दिवसांत त्याच्या कापसाच्या भावाचा निकाल दिल्लींत लागून गेला. त्याला कोणीं विचारलें नाहीं. विचारण्याची जरुरी आहे असेंहि कोणाला वाटलें नाहीं.

या हुकुमाचें मूळ शोधूं गेलें तर तें नागपुरांत नाहीं, मुंबईंत नाहीं, आणि दिल्लींतहि पुरतें नाहीं. तें सातासमुद्रांपलीकडे वॉशिंग्टनला आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं 7 ऑगस्ट 2025 पासून आपल्या देशाच्या मालावर शेंकडा 25 ची जादा जकात बसविली, आणि ऐन गणेशचतुर्थीच्या दिवशीं, 27 ऑगस्टला, आणखी 25 चढवून ती 50 वर नेली. या दुसऱ्या पंचविसांचें कारण असें देण्यांत आलें कीं, हिंदुस्थान रशियाचें तेल विकत घेतो आणि त्यायोगें अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षिततेला बाध येतो. तिरुपूरच्या कारखान्यांत शिवलेल्या बनियनमुळें अमेरिकेची सुरक्षितता कशी धोक्यांत येते, हें आमच्यासारख्या गांवढळांना समजणें कठीण आहे. पण राजकारणांतले शब्द समजण्यासाठीं नसतात, चालविण्यासाठीं असतात.

तयार कपड्यांचे कारखाने अमेरिकन गिऱ्हाइकावर बरेच अवलंबून. ते घाबरले हें साहजिक आहे. कापूस स्वस्त करून द्या, ही गिरणीवाल्यांच्या संघटनांची मागणी जुनीच होती. आतां तिला निमित्त मिळालें. कापड धंद्याला कापूस मुबलक मिळावा म्हणून जकात काढली, असें सरकारनें सांगितलें. सारांश, वॉशिंग्टननें उगारलेली काठी तिरुपूरनें चुकविली आणि ती वर्धा-यवतमाळच्या पाठीवर येऊन बसली. आणखी मौज अशी कीं, ज्या देशांचा कापूस आपल्या बंदरांत उतरतो त्यांत खुद्द अमेरिका आहे. जिनें आमच्या कापडावर जकात चढविली, तिच्याच कापसावरची जकात आम्ही उतरविली!

आतां हा 'देशाच्या सुरक्षिततेचा' मंत्र काय आहे तो नीट पाहूं. अमेरिकेंत 1962 सालचा एक व्यापारविषयक कायदा आहे. त्याच्या 232 व्या कलमान्वयें, बाहेरून येणाऱ्या मालानें देशाच्या संरक्षणाला धोका आहे असें ठरलें तर अध्यक्षाला त्या मालावर जकात बसवितां येते किंवा कोटा ठरवितां येतो. या कलमाच्या आधारें मार्च 2018 मध्यें परदेशी पोलादावर शेंकडा 25 व अॅल्युमिनियमवर 10 जकात बसली. जून 2025 मध्यें ती दोन्हींवर 50 झाली. शेजारचें मित्रराष्ट्र कानडा, त्याचें पोलादहि या सुरक्षिततेच्या तडाख्यांतून सुटलें नाहीं. जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनीं डिसेंबर 2022 मध्यें अमेरिकेचें हें समर्थन फेटाळलें. अमेरिकेनें पंचांचें ऐकलें नाहीं. बळी तो कान पिळी, ही म्हण काय फक्त आमच्याच गांवची आहे?

दुसरी एक गोष्ट आमच्या चर्मकार बंधूंनीं मुद्दाम ऐकावी. 1975 सालीं स्वीडन देशानें परदेशी बुटांवर कोटा बसविला, आणि तोहि देशरक्षणाच्या नांवानें. त्यांचें म्हणणें, युद्धाचा प्रसंग आला असतां शिपायाच्या पायांत बूट पाहिजेत; तेव्हां बूट करणारे कारखाने देशांत जिवंत राहिलेच पाहिजेत. इतर देशांनीं याबद्दल शंका घेतल्या, आणि 1977 सालीं कातडी बुटांवरचा तो कोटा काढून घेण्यांत आला. बहाणा होता कीं खरी काळजी होती, हा वाद बाजूला ठेवूं. एका राष्ट्रानें जोडे शिवणाऱ्याला देशाच्या तटबंदीचा एक दगड मानलें, एवढेंच आम्हांला येथें सांगावयाचें आहे. आमच्याकडे जोडे शिवणारा गांवाच्या कडेला राहिला आणि देशरक्षणाच्या व्याख्यानांत त्याचें नांवहि कधीं आलें नाहीं.

आपलें सरकारहि हा मंत्र जाणतें. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी 2019 मध्यें पाकिस्तानच्या मालावर शेंकडा 200 जकात बसली. मे 2025 मध्यें तेथील माल आणण्यास सरसकट बंदी झाली. ऑगस्ट 2023 मध्यें परदेशी लॅपटॉप आणण्यावर परवान्याचा निर्बंध जाहीर झाला, त्यालाहि सुरक्षिततेचें कारण होतें. याला आमचा विरोध नाहीं. सीमेवर जो उभा आहे तो आमच्याच घरचा पोर आहे. त्याच्यावर गोळी झाडणाऱ्याचा माल आम्हांला नको. देशासाठीं चार पैसे जादा मोजण्यास कुणबी, माळी, तेली, कोष्टी कोणीच मागें हटणार नाहीं. आमचा सवाल एवढाच आहे कीं, देशाच्या नांवानें जो भार येतो तो दर वेळीं एकाच खांद्यावर कां पडतो?

हा सवाल आजचा नाहीं. 1861 सालीं अमेरिकेंत आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हां इंग्रजाला हिंगणघाट आणि वऱ्हाड आठवलें. भाव चढले. कास्तकारानें उसनवारी करून कापूस लावला. 1865 सालीं लढाई संपली, भाव कोसळले. आगगाडी नागपूरला 1867 सालीं पोंचली ती मंदीच्या दिवसांत. भाव खालीं आला म्हणून सावकाराचें कर्ज खालीं आलें नाहीं. 1877 सालच्या 1 जानेवारीस नागपुरांत टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. देशी गिरण्या वाढूं लागतांच मँचेस्टरवाले ओरडले, आणि 1896 सालीं सरकारनें विलायती कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठेवतांना देशी गिरणीच्या कापडावरहि तितकाच साडेतीनचा कर लादला. 1925 च्या अखेरीपर्यंत तो चालू होता. 1917 सालीं महायुद्धाच्या खर्चाला हिंदुस्थानानें 10 कोटी पौंड द्यावयाचे ठरले, तेव्हां विलायती कापडावरची जकात साडेसातवर नेली. गिरणीवाल्यांनीं त्या वर्षांत भरपूर नफा केला. कापड मात्र इतकें महागलें कीं गरिबाला अंग झांकणें जड झालें.

जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याला आतां एकशें चाळीस वर्षें होऊन गेलीं. यंत्राच्या विलायती मालानें साळी, कोष्टी वगैरे कारागिरांचे धंदे कसे बसले हें त्यांनीं तेव्हांच मांडलें होतें. त्यांच्या वेळीं हुकूम लंडनहून येई. आज तो दिल्लींत निघतो, आणि त्याचें कारण वॉशिंग्टनला असतें. कास्तकाराची जागा मात्र तेव्हां होती तेथेंच आहे.

कोणी म्हणेल, शेंकडा 11 म्हणजे कितीसें मोठें? घरच्या पोराला बसवून हिशोब करून पाहा. हिशोबापुरतें धरूं कीं परदेशी रुईची एक खंडी, म्हणजे 356 किलो, बंदरांत 50,000 रुपयांना उतरली. जकात असली तर ती गिरणीला 55,500 ला पडते. जकात नसली तर 50,000 लाच. एक खंडी रुई निघण्यास सुमारें साडेदहा क्विंटल कापूस लागतो. तेव्हां त्या 5,500 रुपयांचा वांटा कापसाच्या दर क्विंटलला सव्वापांचशें रुपयांच्या आसपास येतो. सगळाच फरक कास्तकाराच्या खिशांतून जातो असें आम्ही म्हणत नाहीं. सरकीचा भाव, पिकाचा अंदाज, अशा दुसऱ्याहि गोष्टी भाव ठरवितात. परंतु गिरणीच्या हातांत स्वस्त परदेशी गांठीचा धाक आला म्हणजे जिनिंगवाला दबतो, जिनिंगवाला दबला कीं व्यापारी दाबतो, आणि व्यापाऱ्याच्या पुढें दाबण्यास कोण उरतो? गाडी घेऊन उभा असलेला शेतकरी.

त्यांतहि वेळ पाहा. आमच्याकडे सीतादही होऊन वेंचणीला लागेपर्यंत दसरा येतो. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत लहान कास्तकार आपला माल विकतो, कारण दिवाळी करावयाची असते, वेंचणाऱ्या बायांची मजुरी रोख द्यावयाची असते, कृषिकेंद्राची खताची उधारी फेडावयाची असते. जकातीची सूट नेमकी याच महिन्यांवर पसरलेली होती. मुदत संपल्यावर समजा भाव सुधारला, तर तो कोणाच्या पदरांत पडतो? ज्याच्या घरांत किंवा गुदामांत कापूस शिल्लक आहे त्याच्या. दोन एकरवाल्याच्या घरांत जानेवारींत पऱ्हाटीच्या काड्या उरतात, कापूस नाहीं.

सरकारचें उत्तर आम्हांला ठाऊक आहे. हमीभाव आहे ना! 2025-26 च्या हंगामासाठीं मध्यम धाग्याला 7,710 व लांब धाग्याला 8,110 रुपये ठरले होते, आणि कापूस महामंडळ त्या भावानें घेण्यास बांधलेलें आहे. हमीभावाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. तो नसता तर अवस्था याहून वाईट झाली असती. पण हमीभाव कागदावरून हातांत येईपर्यंत त्याच्या वाटेंत किती नाके आहेत तें पाहा. मोबाईलवर नांव नोंदवा, सातबारा जोडा, पीकपेरा जोडा, पाळी येण्याची वाट पाहा. शेवटीं ओलाव्याचें यंत्र. ओलावा शेंकडा 8 च्या वर गेला कीं दाम कापला जातो, 12 च्या वर गेला तर माल परत. पावसानें भिजलेल्या पहिल्या वेंच्याचा ओलावा बारांच्या आंत आणण्यास वाळवणीची जागा पाहिजे. एका खोलीच्या घरांत माणसें झोंपवावीं कीं कापूस? मग खेडा खरेदीचा व्यापारी दारांत येतो, रोख पैसे दाखवितो, आणि हमीच्या खालच्या भावानें गाडी भरून नेतो. जकात एका सहीनें उठते. हमीभावाला मात्र दहा सह्या लागतात.

आतां आमच्या कोष्टी बंधूंचा प्रश्न. नागपूर, उमरेड, पवनी, मोहाडी येथील विणकर विचारील, "संपादक महाराज, कापूस महाग करा म्हणतां, मग आमचें सूत महागेल त्याचें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणें आमच्या पत्राला शोभणार नाहीं. कापूस आणि सूत यांचा संबंध आहेच. परंतु कापूस स्वस्त झाला म्हणून सूतहि त्याच मापानें स्वस्त होईल, अशी हमी कोणीं दिली आहे काय? हमीभावासारखा सुताला कमाल भाव नाहीं. गिरणीला वाटलें तर ती सूट पुढें देईल, न वाटलें तर आपल्या ताळेबंदांत ठेवील. आणि गिरणीवाल्यांची दुसरी बाजूहि पाहा. 2018 सालीं कापड व तयार कपडे अशा तीनशेंहून अधिक जिनसांवर आयात जकात वाढवून शेंकडा 20 करण्यांत आली. मे 2025 मध्यें बांगलादेशचे तयार कपडे जमिनीच्या वाटेनें आणण्यास बंदी झाली. न्हावाशेवा व कलकत्ता या दोन बंदरांतूनच ते येऊं शकतील असें ठरलें. कपडे विकतांना भिंत पाहिजे, आणि कापूस घेतांना दार उघडें पाहिजे! याला दोन्ही हातांत लाडू म्हणतात. शेतकऱ्याला भिंत नाहीं, विणकराला सुताची हमी नाहीं. या दोघांचें भांडण लावून देणारा तिसराच खातो, हें दोघांनींहि ओळखावें.

लोहाराची गोष्टहि तीच. एप्रिल 2025 मध्यें सपाट पोलादावर शेंकडा 12 ची संरक्षक जकात बसली. देशांतील पोलादाचे मोठे कारखाने त्यानें वांचले तर चांगलेंच आहे. पण पत्रा महागला तर कोठी, फाळ, बैलगाडीची धांव हीं सर्व महागतात, आणि लोहाराचें गिऱ्हाईक कमी होतें. संरक्षण पाहिजे तर तें भट्टीवाल्याला आणि ऐरणवाल्याला दोघांनाहि पाहिजे. जकातीची बरीवाईट पारख आम्ही एकाच मापानें करतों: ती कोणाच्या घरांत काय टाकते आणि कोणाच्या घरांतून काय काढते.

आणि खरी सुरक्षितता म्हणजे काय, हेंहि एकदां बोललें पाहिजे. 1965 सालीं पाकिस्तानशीं युद्ध झालें, पाठोपाठ दुष्काळ पडला, आणि आपला देश अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. तो गहू अमेरिकेनें तोलून-मापून, थोडा थोडा सोडला, कारण आपलें परराष्ट्रधोरण तिला आवडत नव्हतें. बंदूक होती, शिपाई होता. पोटांत दाणा नव्हता म्हणून मान खालीं घालावी लागली. लालबहादूर शास्त्रींनीं जवानाबरोबर किसानाचा जयजयकार केला तो याच कारणानें. तेलाचें तसेंच. 1986 सालीं तेलबियांची मोहीम निघाली आणि नव्वदीच्या आरंभीं देश खाद्यतेलांत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. पुढें आयातीचीं दारें उघडलीं, आणि आज अर्ध्याहून अधिक तेल बाहेरून येतें. तेल्याचा घाणा तर केव्हांच बसला. एप्रिल 2022 मध्यें इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली, तेव्हां आमच्या फोडणीची दोरी कोणाच्या हातांत आहे तें कळलें. तुरीचीहि तीच तऱ्हा: ऑगस्ट 2017 मध्यें परदेशी तुरीला वर्षाकाठीं दोन लाख टनांचा कोटा बांधला, आणि 2021 सालीं दार पुन्हां मोकळें केलें. ज्या देशाची डाळ, तेल आणि कापूस परक्याच्या हातीं, त्यानें सीमेवर कितीहि उंच भिंत बांधली तरी त्याचें स्वयंपाकघर उघडेंच आहे.

तेव्हां आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली: कापूस, तूर व सोयाबीन यांवरील जकात किंवा कोटा काय राहणार तें मृगाच्या आधीं जाहीर करावें, आणि मार्चअखेरपर्यंत त्याला हात लावूं नये. पेरणी एका कायद्याखालीं आणि विक्री दुसऱ्या कायद्याखालीं, हा न्याय नव्हे.

दुसरी: देशाच्या कारणासाठीं हंगामाच्या मध्यें जकात उठवावीच लागली, तर पडलेल्या भावाची भरपाई तिजोरींतून व्हावी. मध्यप्रदेशांत 2017 सालीं भावांतराची योजना निघाली होती. तिचे दोष काढून इकडे कां आणूं नये? देशाचा भार देशानें उचलावा, एकट्या वऱ्हाड-नागपूरनें नव्हे.

तिसरी: कापसावरील त्या 11 पैकीं 5 टक्के 'कृषि पायाभूत सुविधा' या नांवाच्या उपकराचे आहेत. शेतीच्या नांवानें बसलेला उपकर शेतकऱ्याला न विचारतां उठतो! तो जेव्हां जेव्हां वसूल होईल, तेव्हां त्यांतून बाजारपेठेच्या गांवोगांवीं वाळवणीचे ओटे आणि गुदामें बांधावीं. म्हणजे लहान कास्तकार पावतीवर कर्ज घेऊन दोन महिने थांबूं शकेल.

चौथी: हातमागाला लडीचें सूत ठरल्या भावानें आणि वेळेवर मिळावें, म्हणजे कास्तकाराच्या भावाची झळ विणकराला लागणार नाहीं.

पांचवी: जकातीच्या विचाराला जे बसतात त्यांत गिरणीवाल्यांबरोबर कापूस पिकविणारा आणि हातमाग चालविणाराहि बसावा. नागपुरांत 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. बियाणें आणि कीड यांचा विचार येथें होऊं शकतो, तर भावाचा विचार येथें कां होऊं नये?

सरकारला सांगून झालें. आतां दोन शब्द घरच्यांना. बंधूंनो, गिरणीवाला संघटित आहे म्हणून नऊ दिवसांत त्याची मुदत वाढली. आपण आठवड्याच्या बाजारांत एकमेकांचा भाव पाडतों. दहा घरांनीं मिळून एक वाळवणीचा ओटा करा. माल एकत्र मोजा, एकत्र न्या. खेडा खरेदीवाल्याकडून वजनाची व भावाची चिठ्ठी घेतल्याशिवाय गाडी हलूं देऊं नका. या मागण्यांचे ठराव ग्रामसभेंत मांडा आणि आमदार-खासदार मत मागण्यास येतील तेव्हां त्यांच्या हातांत द्या. आणि पोरापोरींना एवढें शिकवा कीं सरकारचा जकातीचा हुकूम निघाला तर तो त्यांना वाचतां येईल व तुम्हांला समजावून सांगतां येईल. पंचांगांतला मृग पाहून आपण पेरतों. पण हल्लीं भावाचा पाऊस दिल्लीच्या राजपत्रांतून पडतो, तेंहि वाचावयास शिकलें पाहिजे.

देशासाठीं सोसण्यास आम्ही तयार आहों. आमच्या आज्यांनीं सोसलें, बापांनीं सोसलें. फक्त सोसणाऱ्यांच्या यादींत यापुढें आमचें एकट्याचेंच नांव नसावें, आणि देशाची सुरक्षितता मोजतांना आमचें घर त्या देशांत धरलें जावें.